एकदाच आणा, नोंद ठेवा : ज्ञानकोशकार केतकर आणि पायथॉनचं इम्पोर्ट

पायथॉनमध्ये इम्पोर्ट लिहिलं की आत नेमकं काय होतं, हे मला नोकरी लागल्यावरही नीट माहीत नव्हतं. एकदा कन्सोल चालू ठेवूनच मी माझ्या मॉड्यूलमधला एक आकडा बदलला, परत इम्पोर्ट केलं, तर जुनाच आकडा आला! अर्धा दिवस त्यात गेला. हे कोडं मला नीट समजलं ते एका अशा माणसामुळे, ज्याने कॉम्प्युटर कधी पाहिलाच नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरचा. शाळा अमरावतीला, कॉलेज मुंबईत. १९०६ साली ते अमेरिकेला गेले आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मग काही काळ लंडन. तिथे ओळख झालेल्या ईडिथ कोहन यांच्याशी त्यांनी १९२० साली लग्न केलं. त्या पुढे शीलवतीबाई केतकर झाल्या.

एवढं शिकलेला माणूस आरामात प्रोफेसरकी करू शकला असता. पण जगातलं ज्ञान मराठीत आणायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी आमच्या नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी निघाली. शेअर विकायचे, वर्गणीदार मिळवायचे, लेखक जमवायचे, सगळी धावपळ त्यांचीच. पुढे काम पुण्याला हललं. १९२० पासून दहाएक वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले.

आता त्याची रचना बघा. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. पुढचे खंड अकारविल्हे. प्रस्तावनेत एखादा विषय येऊन गेला असेल, तर नंतर तो पुन्हा छापायचा नाही, तिकडे बोट दाखवायचं. आणि कुठे काय आहे हे सापडावं म्हणून वेगळा सूचीखंड.

पायथॉन हेच करतो. त्याच्याकडे सिस.मॉड्यूल्स नावाची डिक्शनरी असते, म्हणजे एक नोंदवही. तुम्ही इम्पोर्ट म्हटलं की तो आधी ही वही बघतो. नाव नसेल, तर ठरलेल्या फोल्डरांत (ही यादी सिस.पाथमध्ये असते) फाइल शोधतो, वहीत नाव टाकतो आणि फाइलमधला कोड एकदा चालवतो. नाव आधीच असेल, तर फाइल उघडतच नाही, तयार मॉड्यूल हातात देतो. म्हणून दहा फाइलींनी एकच मॉड्यूल मागितलं, तरी काम एकदाच होतं आणि सगळ्यांना तेच मिळतं.

माझा जुना आकडा इथूनच आला होता. फाइल बदलली, पण वहीतलं मॉड्यूल तेच राहिलं. ते ताजं करायला इम्पोर्टलिबमधलं रिलोड लागतं, किंवा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा लागतो.

छापलेल्या कोशाचंही असंच असतं. केतकरांच्या खंडांत १९२० च्या दशकातलं जग जसंच्या तसं थांबलंय. ते ताजं करायला नवी माणसं आणि नवा पैसा लागतो. केतकरांकडे पैसा उरला नव्हता. कोश पूर्ण झाला, पण शेवटची वर्षं ओढाताणीत गेली, त्यात मधुमेह. तरी त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

आज तेच खंड इंटरनेटवर मराठीत, फुकट वाचता येतात. एका माणसाने एकदा मेहनत करून आणलेलं आपण मोबाइलवर नुसतं मागवतो. पुढच्या वेळी इम्पोर्ट टाइप कराल तेव्हा त्यांची आठवण काढा. आणि मराठीत काही जुनं, चुकलेलं दिसलं, तर नुसती तक्रार करू नका. रिलोड करायचं काम आता आपलं आहे.