रणभूमीवरचा शोमरोनी : शस्त्रवैद्य दोमिनिक लारे

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोन्याने त्या घायाळ मनुष्याच्या जखमा बांधल्या व त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. तथापि दाराशी उतरवून तो आपल्या वाटेने निघून गेला नाही. तेथे त्याने त्याची शुश्रूषा केली, आणि दुसरे दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती त्याला सोपवून, खर्चाची तजवीज करून, मगच तो निघाला. घायाळास उचलणे, वाहून नेणे आणि योग्य हाती सोपविणे ही तीन कामे मिळून एक दया होते. त्यांपैकी एकात विलंब झाला तर बाकीच्या दोहोंचे श्रम व्यर्थ जातात. हे सत्य ज्यांनी युद्धभूमीवर जन्मभर आचरून दाखविले त्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

दोमिनिक झाँ लारे ह्यांचा जन्म 8 जुलै 1766 रोजी, फ्रान्स देशाच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वताच्या कुशीतील बोदेआँ ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील जोडे शिवून पोट भरीत. मुलगा तेरा वर्षांचा असता पितृछत्र नाहीसे झाले, तेव्हा तुलूज शहरी त्यांचे चुलते शस्त्रवैद्य होते त्यांच्याजवळ राहून त्यांनी ती विद्या संपादन केली. पुढे 1787 साली ते पॅरिस शहरी गेले, आणि एका लढाऊ जहाजावर वैद्य होऊन न्यूफाउंडलंडपर्यंत प्रवास करून आले. 1792 साली ऱ्हाईन नदीकाठच्या फ्रेंच फौजेत त्यांची नेमणूक झाली, आणि तेथे त्यांच्या आयुष्याचे खरे कार्य त्यांना सापडले.

त्या काळी असा नियम होता की, इस्पितळाच्या गाड्या लढाईच्या जागेपासून सुमारे एक कोस मागे उभ्या ठेवाव्यात आणि लढाई संपल्यावर जखमी गोळा करावेत. त्या गाड्या अवजड असत, आणि रस्ते तोफांनी व सामानाच्या गाड्यांनी भरून गेलेले असत. त्यामुळे मदत पोहोचावयास चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागे. तोवर कित्येक शिपाई रक्तस्रावाने, थंडीने किंवा तहानेने प्राण सोडीत. त्यांच्यावर उपचार करणारे वैद्य होते, औषधे होती. केवळ त्या दोहोंची गाठ वेळेवर पडत नव्हती. लारे ह्यांच्या मनास हे अत्यंत लागले.

त्यांनी पाहिले की, फौजेतील हलक्या तोफा घोडे जोडून वाटेल तेथे क्षणात नेता येतात. जीव घेणारी तोफ जर एवढ्या वेगाने धावते, तर जीव वाचविणारी गाडी का धावू नये, असा विचार त्यांनी केला. वरिष्ठांची परवानगी मिळवून त्यांनी दोन चाकांची, दोन घोड्यांची हलकी गाडी तयार करविली. तिचा सांगाडा कमानींवर टांगलेला असल्यामुळे जखमी मनुष्यास धक्के कमी बसत. आत गादी असे, बाजूंस वारा येण्यास खिडक्या असत, आणि दोन जखमी निजून जाऊ शकत. ह्या गाड्यांस लोक उडत्या गाड्या म्हणू लागले. गाडीबरोबर शस्त्रवैद्य स्वतः घोड्यावर बसून जाई, आणि पडलेल्या मनुष्याच्या जखमेवर तेथल्या तेथे पट्टी बांधी. 1797 साली इटलीत ह्या पथकाची पूर्ण व्यवस्था लागली, तेव्हा त्यात 340 माणसे होती. पुढे मिसर देशात वाळूत चाके चालेनात, तेव्हा त्यांनी उंटाच्या दोहो बाजूंस पेट्या टांगून त्यांत जखमींस निजविले. जसा देश तसे वाहन. परंतु विलंब करावयाचा नाही, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

परंतु जखमी वैद्यापर्यंत आले म्हणजे सर्व झाले असे नाही. एका वेळी शेकडो माणसे दाराशी येऊन पडत. त्यांत प्रथम कोणास घ्यावे? पूर्वीची रीत अशी की, सरदारास आधी, शिपायास मागाहून, आणि शत्रूस सर्वांच्या शेवटी. लारे ह्यांनी ही रीत मोडली. ज्याची जखम सर्वांत धोक्याची, त्याची पाळी प्रथम. मग तो सरदार असो, साधा शिपाई असो अथवा शत्रू असो. किरकोळ जखमेच्या अधिकाऱ्याने थांबावे, हे त्या काळच्या मोठ्या लोकांस रुचणारे नव्हते. आज जगातील इस्पितळांत तातडीच्या रुग्णांची जी निवड करितात, तिचा पाया ह्या जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने घातला.

त्या दिवसांत गुंगीचे औषध नव्हते आणि जंतूंचे ज्ञान नव्हते. चिरडलेला हात किंवा पाय पहिल्या चोवीस तासांत कापला तर माणूस जगण्याचा संभव अधिक, दिवस लोटल्यावर कापला तर जखम सडून मरण्याचा संभव अधिक, असे लारे ह्यांनी अनुभवाने ओळखले होते. 1812 साली रशियातील बोरोदिनो येथे त्यांनी एका अहोरात्रात सुमारे दोनशे शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. त्याच वर्षी फौज पराभूत होऊन परतत असता बेरेझिना नदीच्या पुलावर जीवघेणी गर्दी झाली. तेव्हा शिपायांनी लारे ह्यांना ओळखिले, आणि हातोहात डोक्यांवरून पलीकडे पोहोचविले. ज्यांनी हजारोंना वाहून नेले, त्यांस हजारोंनी वाहून नेले.

सत्य बोलण्याचे धैर्यही त्यांच्या अंगी होते. 1813 साली हातांस जखमा झालेल्या दोन हजारांहून अधिक तरुण शिपायांवर असा आरोप आला की, लढाई टाळण्यासाठी त्यांनी स्वतःच त्या करून घेतल्या. नेपोलियन बादशहा त्यांतील काहींस गोळ्या घालण्याच्या विचारात होता. लारे ह्यांनी एकेकास तपासून, ते निर्दोष आहेत असे बादशहाच्या तोंडावर सांगितले, आणि ते तरुण वाचले. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत लारे स्वतः जखमी होऊन प्रशियन लोकांच्या हाती सापडले. त्यांना गोळी घालावयाचे ठरले असता एका प्रशियन वैद्याने त्यांना ओळखिले. प्रशियन सेनापती ब्ल्यूशर ह्याच्या मुलावर लारे ह्यांनी पूर्वी उपचार केले होते. त्या दयेचे फळ त्या दिवशी त्यांच्या पदरी पडले.

नेपोलियनने आपल्या मृत्युपत्रात त्यांच्या सद्गुणांची मोठी वाखाणणी करून त्यांना एक लाख फ्रँक ठेविले. अल्जीरियातील इस्पितळे पाहून परत येत असता 25 जुलै 1842 रोजी लियाँ शहरी लारे मरण पावले. ज्या धन्याची त्यांनी चाकरी केली त्याच्या लढायांत लाखो माणसे मेली, आणि त्या लढायांची थोरवी आम्ही गात नाही. परंतु द्वेषाच्या त्या राशीत एका मनुष्याने दयेचे काम वेळेवर केले, हे आम्हांस शिकण्याजोगे आहे.

बंधुभगिनींनो, ही दूरदेशची गोष्ट आपल्या बीड जिल्ह्यास लागू नाही असे समजू नका. आपल्या बालाघाटच्या वाड्यावस्त्यांवरून रोगी बाजेवर किंवा बैलगाडीत घालून आणावा लागे, ते दिवस वृद्धांस आठवत असतील. 2014 साली महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 937 गाड्यांनिशी विनामूल्य सुरू झाली, आणि लारे ह्यांच्या पद्धतीप्रमाणे गाडीबरोबर डॉक्टरही येऊ लागला. आपल्या सीमेलगत जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली काम आरंभिले, आणि खेड्यांतील निरक्षर स्त्रियांसही धोक्याची लक्षणे ओळखावयास शिकविले. अंबाजोगाईस मोठे सरकारी रुग्णालय आहे. साधने आहेत, विलंब मात्र अजून आपल्या घरांत बसलेला आहे. सर्पदंश झाल्यावर मांत्रिकाकडे, बाळंतीण अडल्यावर शेजारणीच्या सल्ल्याकडे, छातीत कळ आल्यावर सकाळ होण्याकडे आपण पाहत बसतो. प्रार्थना अवश्य करावी. पण ती गाडी बोलाविल्यावर, वाटेत करावी.

दुसरा विलंब इस्पितळाच्या दाराशी होतो. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा संपन्न देशांतही आत खाट रिकामी नसल्यामुळे रुग्णवाहिका दाराशी तासन् तास उभ्या राहिल्याची उदाहरणे आहेत. अशा वेळी आतील रोगी तर कष्टतोच, पण ती गाडी अडकल्यामुळे दुसऱ्या गावचा रोगीही वाट पाहत राहतो. खाटा वाढविणे आपल्या हाती नाही. परंतु काही गोष्टी आहेत. उपदेशकांनी त्या मंडळीस शिकवाव्या. गाडी बोलाविताना गाव, वस्ती आणि जवळचा फाटा स्पष्ट सांगावा, आणि एक माणूस फाट्यावर उभा करावा. ऊसतोडीस परमुलखात गेलेल्यांनी जवळच्या गावाचे नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. दुखणे किती वाजता सुरू झाले, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून जुनी कागदपत्रे बरोबर द्यावी. दाराशी दहा जणांनी ओरडण्यापेक्षा माहिती असलेल्या एकाने डॉक्टरांशी बोलावे, आणि रोगी त्यांच्या हाती गेल्यावाचून परतू नये. आपल्याहून अधिक अत्यवस्थ मनुष्य आला तर त्यास पुढे जाऊ द्यावे. पाटलाची किंवा पुढाऱ्याची ओळख सांगून मध्ये घुसू नये.

रस्त्यावरील अपघातात मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ह्या भीतीने पुष्कळ जण याजक व लेवी ह्यांच्याप्रमाणे बाजूने निघून जातात. परंतु 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही. आणि कायद्याने अशा मनुष्यास नाव दिले आहे ते आपल्या प्रभूच्या दाखल्यातील शोमरोन्याचेच. ज्यांनी तो दाखला आधीपासून ऐकिला आहे, त्यांनी तरी वाटेवर पडलेल्या मनुष्यास पाहून थांबावे, आणि त्यास योग्य हाती सोपवूनच आपली वाट धरावी. तशी बुद्धी व तशी त्वरा प्रभू आपणां सर्वांस देवो.