सुभेदार रामजी : लेकराच्या पाठीशी उभा राहिलेला बाप

2 फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. बाबासाहेबांचे वडील, एवढीच त्यांची ओळख आपल्यापैकी अनेकांना असते. पण अपमान आणि अपयश सोसणाऱ्या मुलाच्या पाठीशी घरच्यांनी कसे उभे राहावे, हे शिकायचे असेल तर त्यांचे आयुष्य समजून घ्यायला हवे.

रामजींचे मूळ गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. सैन्यात ते सुभेदार पदापर्यंत पोहोचले आणि 14 वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आले, पुढे साताऱ्याला गेले. तिथे भीमाबाईंचे निधन झाले आणि मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले.

साताऱ्याच्या शाळेत भीम घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. पाणीही कोणी वरून ओतले तरच मिळे. 1901 साली गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला ही भावंडे निघाली. मसूर स्टेशनवर जात कळताच बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन, स्वतः गाडी हाकत, रात्रभर पाण्यावाचून त्यांनी प्रवास केला. रामजींनी दुसरे लग्न केले, तेही भीमला रुचले नाही. घर सोडून मुंबईच्या गिरणीत कामाला जावे, असे त्याच्या मनात आले होते. म्हणजे बाबासाहेबही लहानपणी खचत होते, रागावत होते.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत राहायला आले. भीम एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. तिथे तो फळ्याकडे निघाला की फळ्यामागे ठेवलेले डबे हलवायला मुले धावत. संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्याला फारसी घ्यावी लागली.

शाळेतला हा अपमान थांबवणे रामजींच्या हातात नव्हते. घर मात्र त्यांच्या हातात होते. एकाच खोलीच्या गर्दीत भीम लवकर झोपे, रामजी रात्री दोनपर्यंत जागत, त्याला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात. कधी उसने पैसे, कधी एखादा दागिना आणत. दागिना गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. घरखर्च भागेना तेव्हा भाऊ आनंदराव शाळा सोडून कामाला लागले. एका मुलाच्या शिक्षणामागे असे सगळे घर उभे होते.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण 750 पैकी 282, म्हणजे जेमतेम साडेसदतीस टक्के. तरीही समाजाने सभा भरवून त्यांचे कौतुक केले. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना. तेव्हा केळुसकरांच्याच प्रयत्नाने सयाजीराव महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा पदवीधर झालेला रामजींनी पाहिला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

भाट्ये असो की परळ, दहावीच्या निकालानंतर आपल्या वस्त्यांत काय होते ते आपण जाणतो. कमी गुण मिळालेले पोर तोंड लपवते आणि बाबासाहेबांचे नाव घेऊनच त्याला सुनावले जाते. त्या घरात 282 गुणांना कमी लेखले असते तर पुढचे काय झाले असते, याचा विचार करावा. अपयशातून सावरण्याचे बळ मुलाच्या अंगात आपोआप येत नाही. रात्री जागणारे कोणी, पुस्तकासाठी धडपडणारे कोणी, थोड्या यशाचीही सभा भरवणारे कोणी असावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांना एक विनंती. यंदा निकालानंतर गुणवंतांचा सत्कार जरूर करा, पण त्याच आठवड्यात नापास झालेल्या मुलांच्या घरीही जा. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून द्या, विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासाला जागा द्या आणि त्यांच्यासोबत बसा. रामजींना अभिवादन करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

जय भीम!