काचेवरील डाग आणि राजा दीनदयाळ

जुन्या इंदुरी घरांत भिंतीवर किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत जी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छायाचित्रे टिकून आहेत, ती आता एकेक करून संगणकावर चढू लागली आहेत. नातवंडे मोठ्या हौसेने पणजोबांच्या पागोट्यावरचे डाग पुसतात आणि घर खूश होते. मात्र कोणता डाग काळाचा आणि कोणती खूण चित्रकाराच्या हातची, हे ओळखल्यावाचून पुसणे धोक्याचे आहे. ज्या गृहस्थाने याच शहरात कॅमेरा हाती धरला आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानात कीर्ती मिळविली, त्या लाला दीनदयाळ यांच्या चरित्रात या प्रश्नाची उकल बरीचशी सापडते.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकून १८६६ साली ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले. काम अंदाजपत्रके करण्याचे आणि नकाशे काढण्याचे. शाईचा एक थेंब सांडला तर सबंध नकाशा वाया, अशा शिस्तीत ते आठ वर्षे होते. १८७४ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे केवढा खटाटोप! काच घासून लख्ख करायची, तिच्यावर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. माळव्यातला वैशाखातला धुरळा आपल्या वाचकांना सांगावयास नको. धुळीचा एक कण थरात शिरला, की तेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र पडे. काचेवर ते पारदर्शक असल्यामुळे कागदावर काळा ठिपका उमटे. उलट, छापताना काच आणि कागद यांच्यामध्ये धूळ राहिली तर प्रकाश अडून पांढरा ठिपका येई. कारागीर बारीक कुंचल्याने रंग भरून छिद्र बुजवीत आणि काचेवरचा गडद ठिपका चाकूच्या टोकाने हलकेच खरवडीत. तिसरी जात तांबूस ठिपक्यांची. ती मागाहून, सर्दी आणि बुरशी यांमुळे कागदावर येते. तिच्याशी चित्रकाराचा काही संबंध नाही.

तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या उमेदवाराचे गुण हेरले. सर हेन्री डेली यांच्याशी गाठ पडली ती त्यांच्याच द्वारे. १८७५-७६ साली युवराज एडवर्ड हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे दीनदयाळांनी घेतली. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले आणि त्या फिरतीतून मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंचा संग्रह सिद्ध झाला. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या चित्रांत आहे, दरबारी चित्रांत तितके नाही. भिंतीचा दगड जेथे फुटला आहे तेथे तो फुटलेलाच दिसतो. आज अशा चित्रावर संगणकाची डाग घालविणारी चाळणी सरसकट फिरवली, तर काचेवरच्या छिद्राबरोबर दगडातला खळगाही बुजतो आणि पुराणवस्तूचा पुरावा नाहीसा होतो. पांढऱ्या आकाशाचेही तेच. कलोडियनला निळा रंग पांढऱ्यासारखाच वाटे, म्हणून ते आकाश कोरे आहे. त्यात ढग भरणे ही दुरुस्ती नव्हे.

१८८५ च्या सुमारास ते हैदराबादेस गेले आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब तेथलाच. १८८६ साली सिकंदराबादेत आणि १८९६ साली मुंबईत त्यांचे स्टुडिओ निघाले. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीची सनदही मिळाली. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तेथे एका इंग्रज बाईंची नेमणूक केली, ही त्यांची दूरदृष्टी म्हटली पाहिजे.

तोवर कोरड्या जिलेटिनच्या काचा आल्या होत्या आणि मोठ्या स्टुडिओंतून रिटचिंग हा स्वतंत्र धंदाच झाला होता. काचेला खरखरीत वार्निश लावून टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि देवीचे वण सौम्य करीत. हे पेन्सिलीचे फटकारे भिंगातून पाहिले म्हणजे डागांसारखेच भासतात. पण ते त्या चित्राचे अंग आहेत. ते पुसल्यास राहील तो चेहरा गिऱ्हाइकाने कधी घरी नेलेलाच नव्हता. याच दीनदयाळांनी १८९९-१९०० च्या दुष्काळातील मदतकार्याचीही छायाचित्रे घेतली आहेत. तेथल्या हाडकुळ्या देहांवरची कोणतीही रेघ गुळगुळीत करण्याचा अधिकार कोणास आहे?

५ जुलै १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. १९८९ साली त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. अशा काचांवर आधुनिक यंत्राची एक हुशारी मात्र लटकी पडते. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ हुडकतात. रंगीत फिल्मवर ते साधते, परंतु काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधील चांदी स्वतःच ते किरण अडविते. तेव्हा आजच्या कारागिरालाही कुंचलेवाल्यासारखेच एकेक ठिपका बघत बसावे लागते.

घरच्या छापील चित्रांचे म्हणाल तर मऊ कोरड्या कुंचल्याने वरची धूळ झाडून मोठ्या मापात स्कॅन करावे, ती पहिली प्रत जशीच्या तशी ठेवावी आणि दुसरीवर हात चालवावा. यंत्राच्या हाती सगळे सोपविले, तर नथीतला मोती त्याला पांढरा डाग वाटतो आणि आजीच्या हनुवटीवरचे गोंदण काळा. हल्लीची नवी साधने तर फाटलेल्या जागी नाकडोळे स्वतःच रचून देतात. दिसायला ते सुरेख असतात, पण आपल्या घराण्यातले नसतात. पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचे नाव छापलेले असते ते तेथे, आणि चौकट नवी करताना पुष्कळदा तोच पुठ्ठा कापून टाकला जातो.