आनंदीबाई जोशी कोल्हापुरात रुजू का होऊ शकल्या नाहीत?

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागासाठी त्यांना नेमलं. पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. वय अवघं २१.

क्षयाचा जंतू १८८२ मध्येच सापडला होता. त्यावरचं स्ट्रेप्टोमायसिन मात्र १९४३ मध्ये मिळालं.

आज औषधं आहेत, पण आधी जंतू ओळखावा लागतो. याच कुळातले, माती-पाण्यात राहणारे 'एनटीएम' जंतूही क्षयासारखाच खोकला देतात. त्यांचा उपचार वेगळा. त्यातल्या 'मॅक' जंतूंसाठी सहसा अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅमब्युटॉल एकत्र देतात. थुंकीतून जंतू गेल्यावरही १२ महिने. म्हणून थुंकीची तपासणी टाळू नका.