डॉ. कमलाबाई सोहोनी

विद्या मिळविण्याचीं साधनें काळानुसार बदलतात. विद्येसाठीं करावयाचे श्रम मात्र बदलत नाहींत. नव्वद वर्षांपूर्वीं आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले आणि मराठी घरांतील मुलास शास्त्रीय विषयाचा परिचय आधीं परकी भाषा शिकून मगच करून घ्यावा लागे. आज त्याच जिल्ह्यांतील विद्यार्थी रसायनशास्त्राचा पाठ मोबाईलच्या पडद्यावर, घरबसल्या, आपल्या भाषेंत पाहूं शकतो. न समजलेला भाग पुन्हा पुन्हा पाहतां येतो. समीकरणें संतुलित करण्याचीं उदाहरणें हवीं तितकीं मिळतात. ही सोय थोडीथोडकी नव्हे. परंतु पाठ पाहिला म्हणजे विषय आला, असा समज कोणा विद्यार्थ्याचा होत असेल, तर त्यानें डॉ. कमलाबाई सोहोनी यांचें चरित्र अवश्य वाचावें. ज्या विषयाचें द्वार आपल्यापुढें आज सताड उघडें आहे, त्याच द्वाराशीं ह्या महाराष्ट्रीय स्त्रीस तिष्ठत उभें राहावें लागलें होतें.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं भागवतांच्या घराण्यांत झाला. घरांत विद्येचें वातावरण होतें. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटांच्या औदार्यानें बंगलोर येथें जी विज्ञानसंस्था निघाली, तिच्या आरंभींच्या विद्यार्थ्यांपैकीं ते होते. मराठी साहित्यांत नांव मिळविलेल्या दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या वडील भगिनी. वडिलांनीं व चुलत्यांनीं जेथें शिक्षण घेतलें तेथेंच आपणही जावें, ही इच्छा कमलाबाईंच्या मनांत असल्यास नवल नाहीं. रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन १९३३ सालीं त्या मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनीं बंगलोरच्या संस्थेकडे अर्ज पाठविला.

त्या वेळीं सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे संस्थेचे संचालक होते. १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनीं भारताचें नांव जगभर केलें होतें. परंतु थोर पुरुषांच्या ठायींही काळाचे पूर्वग्रह असतात. अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून त्यांनीं कमलाबाईंना प्रवेश नाकारला. गुणांत उणीव नव्हती, तयारींत उणीव नव्हती. उणीव काय ती स्त्रीजन्माची! कमलाबाई निमूटपणें घरीं बसल्या नाहींत. गांधीजींच्या सत्याग्रहानें सारा देश भारलेला होता. त्यांनीं तोच मार्ग धरिला. त्या स्वतः बंगलोरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत मागें न हटण्याचा निश्चय त्यांनीं प्रकट केला.

शेवटीं प्रवेश मिळाला. पण तो तीन अटींवर. पहिली अट अशी कीं, त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलें जाणार नाहीं. एक वर्षपर्यंत त्यांचें काम पारखून पाहिलें जाईल. दुसरी अशी कीं, मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणें रात्रीं उशिरापर्यंतही काम करावें लागेल. तिसरी अट सर्वांत बोंचणारी होती: प्रयोगशाळेंतील वातावरण त्यांच्यामुळें बिघडतां कामा नये. ह्या अटींतील अपमान कमलाबाईंना कळत नव्हता असें नाहीं. पुढें अनेक वर्षांनीं त्यांनीं ही व्यथा उघडपणें बोलूनही दाखविली. परंतु त्या क्षणीं त्यांनीं अपमान गिळला आणि प्रयोगशाळेंत पाऊल टाकलें.

तेथें त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे गुरु लाभले. ते शिस्तीचे कडक होते. पण शिष्येची योग्यता ओळखून त्यांनीं हातचें न राखतां शिकविलें. दूध आणि कडधान्यें यांतील प्रथिनें हा कमलाबाईंच्या अभ्यासाचा विषय होता. प्रथिनें निराळीं काढावयाचीं, शुद्ध करावयाचीं, मोजावयाचीं; मोजमाप चुकलें तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावयाची. वर्ष संपलें तेव्हां संचालकांचें समाधान झालें होतें. कमलाबाईंना नियमित संशोधनाची अनुज्ञा मिळाली आणि त्यानंतर संस्थेचें द्वार इतर मुलींनाही उघडलें. १९३६ सालीं त्यांनीं एम्. एस्सी. पदवी संपादन केली. एका मुलीच्या वर्षभराच्या कामानें मागून येणाऱ्या कितीकांची वाट मोकळी झाली!

पुढें शिष्यवृत्ति मिळवून त्या इंग्लंडमध्यें केंब्रिज विद्यापीठांत गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथें होती. तेथील डॉ. डेरेक रिक्टर यांनीं आपलें टेबल दिवसां कमलाबाईंना वापरावयास दिलें. एके ठिकाणीं वातावरण बिघडण्याची भीति, तर दुसरीकडे हें औदार्य! नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं वनस्पतींच्या श्वसनक्रियेचा अभ्यास केला.

बटाट्यावर काम करीत असतां त्यांना असें दिसून आलें कीं, प्राण्यांच्या पेशींत आढळणारें सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतें. ह्या द्रव्यांत लोहाचा अणु असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो तेव्हां त्याचें क्षपण होतें व देतो तेव्हां ऑक्सिडीकरण होतें. अशा देवघेवींतूनच अन्नांतील शक्ति सजीवाच्या उपयोगी पडते. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे दोन शब्द आपण शाळेंत परीक्षेसाठीं घोकतों. पण तीच क्रिया आपल्या प्रत्येक श्वासागणिक आणि शेतांतील प्रत्येक रोपट्यांत अव्याहत चालली आहे. ह्या संशोधनावर कमलाबाईंनीं अवघा चाळीस पानांचा प्रबंध लिहिला आणि १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्. डी. पदवी मिळविली. विद्वत्तेचें मोल पानांच्या संख्येवर नसतें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

परदेशांत त्यांना कांहीं उणें नव्हतें; तरी त्या १९३९ सालींच स्वदेशीं परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत व नंतर कुन्नूर येथील आहार-संशोधनशाळेंत त्यांनीं काम केलें. १९४७ सालीं श्री. सोहोनी यांच्याशीं विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेंत जीवरसायनशास्त्र शिकवूं लागल्या. त्यांचें लक्ष सदैव गरिबांच्या ताटाकडे असे. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारीं कांहीं द्रव्यें असतात. त्यांचा त्यांनीं विद्यार्थ्यांसह कसून अभ्यास केला. त्यांतील पुष्कळशीं द्रव्यें उष्णतेनें निष्प्रभ होतात. तूर, मूग व हरभरा पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत वरण नीट शिजविण्याचा आग्रह आजीबाई धरतात, त्याच्या मुळाशीं असें रसायनशास्त्र आहे. राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेच्या पोषकतेचेंही संशोधन केलें. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपति-पारितोषिक मिळालें. आरे येथील दूधयोजनेसही त्यांच्या ज्ञानाचा लाभ झाला.

१९६५ पासून १९६९ पर्यंत त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालिका होत्या. जिला एकदां विज्ञानसंस्थेच्या दारांतून परत पाठविण्यांत येत होतें, तीच एका विज्ञानसंस्थेची धुरा वाहूं लागली. निवृत्तीनंतर ग्राहकांस शुद्ध व सकस वस्तु मिळाव्या म्हणून त्यांनीं कार्य केलें. १९९८ सालीं दिल्ली येथें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें योजिलेल्या सत्कारसमारंभांत त्या एकाएकीं कोसळल्या आणि लवकरच त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? मोबाईलवरील पाठांत दुसऱ्याच्या हातचा प्रयोग दिसतो. आपला हात मात्र कोराच राहतो. पाठ पाहून झाल्यावर तो बंद करावा, कागद घ्यावा व समीकरण स्वतः सोडवावें. उत्तर चुकलें तर लगेच पुढच्या पानावरील उत्तराकडे धांवूं नये; चूक कोठें झाली तें आधीं शोधावें. शाळेच्या प्रयोगशाळेंत परीक्षानळी हातीं घेण्याची संधि आली तर मागच्या रांगेंत उभें राहूं नये. कमलाबाईंनीं जी संधि झगडून मिळविली, ती आपण आळसानें दवडणें शोभत नाहीं.

आणि पालकहो, दोन शब्द आपल्यासाठीं. शाळा संपण्याच्या आंतच मुलीचें लग्न उरकण्याची चाल आपल्या जिल्ह्यांतून अद्याप नाहींशी झालेली नाहीं. मुलगी रात्रीं पुस्तक घेऊन बसली तर घरकामाची अट, दूरच्या महाविद्यालयांत जाऊं म्हणाली तर लोकापवादाची अट! अशा अटी घालणारे आपण रामन यांच्याइतके थोर तर नाहींच. पण त्यांनीं एका वर्षानंतर आपली चूक सुधारली, एवढें तरी आपणांस करतां येईल. परमेश्वरानें बुद्धि देतांना मुलगा व मुलगी असा भेद केलेला नाहीं. त्यानें दिलेलें हें दान आपण पुरून ठेवूं नये.