नाईलचं पाणी आणि अंधारी खोली : इब्न अल-हैथम

पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं, आयर्विन पुलाजवळ पातळी किती फुटांवर गेली, हे आपल्या सातारा-सांगलीच्या घराघरात विचारलं जातं. हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये नाईल नदीबाबत हीच काळजी होती. पूर आला तरी नुकसान, नाही आला तरी दुष्काळ. यावर उपाय करता येईल असं म्हणणारे एक विद्वान इराकात आहेत, ही खबर फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्यापर्यंत पोहोचली. ते विद्वान म्हणजे अबू अली अल-हसन इब्न अल-हैथम. जन्म सुमारे 965, बसरा.

जुने चरित्रकार सांगतात की खलिफाने त्यांना कैरोला बोलावून घेतलं आणि कारागीर देऊन अस्वानकडे पाठवलं. वाटेत प्राचीन इजिप्शियन लोकांची भव्य बांधकामं दिसली. ज्यांना एवढं जमलं त्यांनी नदी अडवली नाही, म्हणजे ते होण्यासारखं नाही, हे त्यांनी ओळखलं. नंतर जागाही पाहिली आणि माघारी आले. (अस्वानचं मोठं धरण झालं 1970 साली!) पण हाकिमचा राग म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी वेड लागल्याचं सोंग घेतलं, आणि 1021 मध्ये हाकिम जाईपर्यंत ते घरातच नजरकैदेत राहिले, असं म्हणतात.

‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ साधारण याच काळातला. युक्लिड, टॉलेमी यांचं मत होतं की डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसतं. इब्न अल-हैथम यांनी साधा मुद्दा मांडला : सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय. नुसतं बोलून थांबले नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर बाहेर ओळीने दिवे ठेवले. आत भिंतीवर तेवढेच ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे तसेच. एकाच छिद्रातून येऊनही प्रकाश एकमेकांत मिसळत नाही, सरळ जातो. आम्हाला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. हा प्रयोग शाळेतल्या मुलांना मेणबत्त्या आणि पुठ्ठा घेऊन घरीही करता येतो, मोठ्यांनी फक्त शेजारी बसावं.

गणितात त्यांचं नाव एका कोड्याला चिकटलंय. घाटाच्या वळणावर लावतात तसा फुगीर गोल आरसा घ्या. दिवा इथे, डोळा तिथे. तर प्रकाश आरशाच्या नेमक्या कुठल्या बिंदूवरून परतेल? ऐकायला सोपं, सोडवायला महाकठीण. त्यांनी ते शंकुच्छेद वापरून सोडवलं.

चौदावीचा चाँद उगवताना केवढा मोठा दिसतो, आणि डोक्यावर आला की लहान! चंद्र तोच असतो. क्षितिजावर मधे शेतं, झाडं, घरं असतात, त्यामुळे तो लांब वाटतो आणि लांबचा म्हणून मोठा भासतो, असं त्यांनी सांगितलं. खगोलशास्त्रात टॉलेमीचा दबदबा होता, तरी त्यांच्या ग्रहगणितातल्या विसंगती दाखवणारं स्वतंत्र पुस्तकच त्यांनी लिहिलं.

पोटापाण्यासाठी मात्र ते अल-अझहरजवळ राहून युक्लिड आणि टॉलेमीच्याच ग्रंथांच्या नकला करून विकत. सुमारे 1040 मध्ये कैरोत त्यांचं निधन झालं. मनाझिरचं लॅटिन भाषांतर 1572 साली बासेलमध्ये छापलं गेलं, आणि केपलर यांनी प्रकाशाचा अभ्यास केला तेव्हा ते त्यांच्यासमोर होतं.