अन्नाच्या वाटेचा शोधक : इव्हान पाव्हलॉव्ह

पाव्हलॉव्ह हे नाव निघाले की बहुतेकांना कुत्रा आणि घंटा आठवते. घंटेमागून अन्न येते हे कुत्र्याच्या अंगवळणी पडले आणि पुढे नुसत्या घंटेनेच त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु १९०४ साली या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले ते घंटेसाठी नव्हे. आपण खाल्लेले अन्न पोटात पचते कसे, या प्रश्नावर त्यांनी जी वर्षे घालवली त्यांचा तो गौरव होता. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन.

इव्हान पेट्रोविच पाव्हलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी रशियातील र्‍याझान या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा म्हणून त्याला धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घातले. पण तेथे विज्ञानाची पुस्तके हाती पडली आणि मन दुसरीकडे वळले. १८७० साली ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांना इल्या त्सिऑन नावाचे गुरू भेटले. त्सिऑन यांचा जन्म ज्यू कुटुंबातला. शस्त्रक्रियेत त्यांचा हात असा सफाईदार की शिष्य पाहत राहत. पण परीक्षक म्हणून ते कडक होते. विद्यार्थ्यांनी त्यांच्याविरुद्ध दंगा केला आणि त्यांना आपली जागा सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकाने पाव्हलॉव्ह यांना मदतनीसाची नोकरी देऊ केली. तरुणाला पैशांची निकड होती, तरीही गुरूला घालवून रिकाम्या झालेल्या जागेशी संबंध नको म्हणून त्यांनी नकार दिला.

त्यानंतरची वर्षे ओढाताणीची गेली. १८८१ साली सेराफिमा यांच्याशी विवाह झाला, पण घरात चार पैसे टिकेनात. पहिले मूल लहानपणीच गेले. एकदा विद्यार्थ्यांनी आपसांत वर्गणी काढून, व्याख्यानांचा मोबदला म्हणून ती रक्कम त्यांच्या हाती दिली, तर त्यांनी ती प्रयोगाची जनावरे विकत घेण्यात खर्च केली! अखेर १८९० साली लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले आणि १८९१ पासून नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेतील शरीरक्रिया विभाग त्यांच्याकडे आला. खरे काम येथे बहरले.

प्रत्येक प्राण्याचे पोट त्याच्या आहाराप्रमाणे घडलेले असते. गाय चारा घाईने गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. कोंबडीला दात नाहीत, म्हणून ती खडे गिळते आणि पोटातील जाड मांसल पिशवीत त्यांच्या साहाय्याने दाणे दळते. कुत्र्याचे जठर मात्र माणसासारखे एकाच कप्प्याचे आहे. म्हणून पाव्हलॉव्ह यांनी कुत्रा निवडला.

त्यांच्या आधीचे शास्त्रज्ञ प्राण्याला चिरून घाईघाईने काय दिसते ते टिपून घेत, आणि प्राणी मरून जाई. अशा यातनेत पोटाचे नेहमीचे काम दिसणार कसे? पाव्हलॉव्ह यांनी ठरवले की प्राणी धडधाकट असला पाहिजे, खाता-पिता असला पाहिजे. इस्पितळात माणसावर करतात तितक्या स्वच्छतेने ते शस्त्रक्रिया करीत, जखम भरू देत आणि मग त्याच कुत्र्याचे निरीक्षण महिनोन्‌महिने करीत.

१८८९ च्या सुमारास त्यांनी सहकारी डॉक्टर एकातेरिना शुमोव्हा-सिमानोव्हस्काया यांच्यासह एक प्रयोग केला. कुत्र्याच्या अन्ननलिकेचे तोंड मानेवर बाहेर काढले, आणि जठरातून एक नळी बाहेर आणली. कुत्रा मांस आवडीने चावून गिळे, पण घास मानेतून खाली थाळीत पडे. पोटात कणही जात नसे. तरीही पाच-सहा मिनिटांत रिकाम्या जठरातून स्वच्छ, आंबट रस वाहू लागे. मेंदूकडून जठराकडे येणारे मज्जातंतू तोडले की हा रस थांबे. अर्थ उघड होता. भुकेची आणि चवीची वर्दी मेंदूमार्फत आधीच जठराला पोचते, आणि घास येण्यापूर्वीच तेथे तयारी सुरू होते. असा गोळा केलेला रस अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई आणि त्या पैशांवर प्रयोगशाळेचा खर्चही भागे.

१८९४ साली ‘द्रुझोक’, म्हणजे छोटा मित्र, या नावाच्या कुत्र्याच्या जठराचा एक भाग त्यांनी मज्जातंतू न तोडता शिवून वेगळा केला. मोठ्या पिशवीत अन्न पचत असताना लहान पिशवीत निर्भेळ रस जमे. पाव दिला, मांस दिले, दूध दिले, तर दर वेळी रसाचे प्रमाण आणि जोर निराळा दिसला. पावावर सुटणारा रस पचनशक्तीत सर्वांत जोरदार निघाला. जठरापुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो, पण मांसासारखे पदार्थ पचवण्याची त्याची शक्ती आतड्याचा स्वतःचा रस मिसळल्यावरच जागी होते, हेही याच प्रयोगशाळेत उमगले. पचनाविषयीचे आपले काम त्यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने मांडले.

त्यांच्या मते पचनाच्या या कारभाराचा धनी एकच, मज्जातंतू. पण १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या तुकड्याचे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल घातले, तरीही स्वादुपिंडातून रस वाहिला! आतड्यातून निघालेले एक द्रव्य रक्तातून निरोप नेत होते. पाव्हलॉव्ह यांनी तोच प्रयोग आपल्याकडे करायला लावला. डोळ्यांदेखत रस वाहताना पाहून ते मुकाट्याने आपल्या खोलीत गेले, अर्ध्या तासाने परत आले आणि त्या दोघांचे म्हणणे बरोबर असल्याचे शिष्यांसमोर मान्य केले. आज आपण जाणतो की पचनाची आज्ञा मज्जातंतू आणि रक्तातील संप्रेरके या दोन्ही वाटांनी जाते.

पुढे लाळेच्या अभ्यासातून ते मेंदूच्या कामाकडे वळले आणि ती प्रसिद्ध कुत्र्याची गोष्ट घडली. रशियन क्रांतीनंतर मात्र दिवस पालटले. पचनाचा अभ्यास करणाऱ्याच्याच शहरात पचवायला अन्न उरले नाही. प्रयोगशाळेतील कुत्री उपासमारीने मेली, आणि सत्तरी गाठलेले पाव्हलॉव्ह संस्थेच्या आवारात भाजी पिकवू लागले. १९२१ साली लेनिनच्या हुकमाने त्यांच्या शिध्याची आणि कामाची सोय झाली. पण उपकाराने त्यांचे तोंड बंद झाले नाही. १९२४ साली अकादमीतून धर्मोपदेशकांच्या मुलांना काढून टाकले, तेव्हा आपणही अशाच बापाचे पुत्र हे स्मरून त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. गुरूच्या बाबतीत तरुणपणी दाखवलेला बाणा पंचाहत्तरीतही तसाच होता.

२७ फेब्रुवारी १९३६ रोजी लेनिनग्राड येथे ते निवर्तले. आदल्याच वर्षी त्यांच्या संस्थेच्या बागेत एक स्मारक उभे राहिले होते, ते पाव्हलॉव्ह यांचे नव्हे, कुत्र्याचे. या ज्ञानाची किंमत कोणी मोजली याची ती कबुली होती.

वाचकहो, रागाच्या भरात किंवा घाईत चार घास कोंबताना एवढे ध्यानात ठेवावे. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की आपले जठर कामाला लागते. घरची वडीलधारी मंडळी जेवताना भांडू नका, सावकाश जेवा म्हणत आली. त्यामागचे कारण पीटर्सबर्गच्या त्या मुक्या जनावरांनी जगाला दाखवून दिले.